तोटा शेतीत, मग लाज मनात का?

(कापूस-ज्वारी पट्ट्यातील कार्यकर्त्यांच्या जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या पत्रिकेवर कापसाचा भाव आहे, पीकविमा आहे, कृषिपंपाचे बिल आहे. सकाळपासून त्यावर बोलणे झाले, घसे बसले. आता आम्ही जो विषय मांडणार आहोत तो पत्रिकेत सगळ्यात खाली, 'आयत्या वेळचे विषय' म्हणून लिहिला आहे. मुद्दामच तसा लिहिला. 'मानसोपचार' असे छापले असते तर निम्मे लोक जेवण करून घरी गेले असते, आणि उरलेल्यांनी कोणाचे डोके फिरले म्हणून एकमेकांना विचारले असते.

कोणाचेही डोके फिरलेले नाही. गोष्ट एवढीच आहे की आपल्यातल्या पुष्कळ माणसांनी मनातल्या मनात स्वतःला नापास करून टाकले आहे. बोलत कोणी नाही. संघटनेतही बोलत नाही, घरात तर नाहीच.

एक साधी गोष्ट विचारू. बँकेत जाताना दारात चप्पल काढून किती जण आत जातात? हात वर करू नका, आपल्याशीच उत्तर द्या. देवळात चप्पल काढतो ते समजते. बँकेत कोणता देव बसला आहे? तिथे आपण आपल्याच कामाला जातो. तरी पायातली वहाण आपोआप निघते, हात आपोआप जोडले जातात, आणि बाबूने 'काय काम आहे' म्हटले की घशातून आवाज फुटत नाही.

ही चपलेची गोष्ट आम्हाला आमच्याच एका कार्यकर्त्याने दाखवली. सहा एकर कोरडवाहू वावर, चार एकरात पऱ्हाटी, बाकी ज्वारी आणि थोडी तूर. बोलायला वाघ. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली, त्या वर्षीच्या मोर्चात हा सगळ्यांच्या पुढे होता. आणि २०१८ च्या पेरणीपासून तो बैठकीला येईनासा झाला. निरोप दिला तर 'येतो' म्हणायचा आणि यायचा नाही. आम्ही काय केले? आम्ही ठरवून टाकले की याला कोणत्या तरी पक्षाने ओढले. त्याच्याकडची तालुक्याची जबाबदारी दुसऱ्याला देऊन मोकळे झालो. घरी जाऊन विचारायचे कोणालाही सुचले नाही. त्याची मंडळी आमच्या एका कार्यकर्तीला बाजारात भेटली तेव्हा कळले. वहिनी म्हणाल्या, "रात्री दोन वाजता उठून अंगणात बसून राहतात. पक्षबिक्ष काही नाही. म्हणतात, बिल्ला लावायची माझी लायकी नाही."

मग आम्ही गेलो. बराच वेळ तो पावसाचेच बोलला. शेवटी म्हणाला, "भाऊ, व्यासपीठावर मी सांगतो की तोटा धोरणाचा आहे. लोक टाळ्या वाजवतात. घरी आलो की वाटते, शेजाऱ्याला चार क्विंटल झाला, मला दोन. मग धोरण माझ्याच वावरात येते काय? खोट माझ्यात आहे."

आम्ही त्याला उत्पादन खर्चाचा हिशेब सांगायला लागलो. तो म्हणाला, "तो हिशेब मीच शिकवतो लोकांना."

इथे आमची बोलती बंद झाली. कारण न्यूनगंडावर आपल्या चळवळीचे औषध हेच राहिले आहे. १९८० साली चाकणला कांद्याचे आंदोलन झाले. त्या आधी शेतकरी मानत होता की मी कर्जात आहे कारण मी अडाणी आहे, आळशी आहे, लग्नात उधळतो, दारू पितो. शरद जोशींनी एकेका पिकाचा खर्च मांडून दाखवला आणि सांगितले की माल खर्चापेक्षा कमी भावात घेतला जातो, तो तोटा वरून लादलेला आहे. छातीवर लाल बिल्ला लागला आणि मान वर झाली. त्या हिशेबात आजही काही चूक नाही. २०१८ साली ओईसीडी आणि इक्रिएर या संस्थांचा अहवाल आला, त्यात २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतातल्या शेतकऱ्याला मिळालेली मदत सरासरी उणे १४ टक्के निघाली. म्हणजे अनुदाने जमेस धरूनही शेतकऱ्याच्या खिशातून काढले जास्त. २०१२ च्या मार्चमध्ये कापसाची निर्यात एका फर्मानाने बंद झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर, ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. त्या दोन्ही दिवशी तुमच्या वावरात, तुमच्या कष्टात, तुमच्या अकलेत काय फरक पडला होता? काहीही नाही.

हे सगळे त्या कार्यकर्त्याला तोंडपाठ होते, तरी रात्री दोन वाजता ते उपयोगी पडत नव्हते. सभेत माणूस हजारांत असतो आणि अंगणात एकटा असतो.

यात आमचाही हात आहे, तो कबूल केला पाहिजे. आम्ही शेतकी शिकलेले लोक. विस्तारशिक्षण नावाचा विषय आम्हाला होता. एव्हरेट रॉजर्स या अमेरिकन पंडिताने १९६२ साली मांडलेली वाटणी आम्ही परीक्षेत लिहीत आलो. नवे तंत्र सगळ्यात आधी घेणारे अडीच टक्के, मग त्यांच्या मागचे, मग त्यांच्याही मागचे, आणि शेवटचे १६ टक्के 'लॅगार्ड', म्हणजे मागे रेंगाळणारे. आम्ही पदवी घेऊन गावात आलो आणि ज्याने महागाचे बियाणे घेतले नाही त्याला मनात 'लॅगार्ड' म्हणून टाकले. त्याने ते का घेतले नाही? हलकी बरड जमीन, पावसाचा भरवसा नाही, पैसा सावकाराचा. त्याचा हिशेब आमच्यापेक्षा पक्का होता! शिवारफेरीत आम्हीच चारचौघांत म्हणायचो, "तुम्ही शिफारशीप्रमाणे खत दिले नाही, अंतर पाळले नाही, म्हणून उतार आला नाही." माणूस मान खाली घालून ऐकून घ्यायचा. ती मान खाली घालायला लावणाऱ्यांत आम्हीही होतो.

आता न्यूनगंड म्हणजे काय ते कापसाच्याच भाषेत सांगतो. तुम्ही गाडी भरून कापूस नेता. व्यापाऱ्याचा माणूस गाडीत हात घालतो, मूठभर कापूस काढतो. त्या मुठीत दोन किडकी बोंडे आली, थोडा ओलावा लागला, की सगळ्या गाडीला म्हणतो 'कवडी'. तुम्ही भांडता. म्हणता, अरे खालचा पाहा, मधला पाहा, एका मुठीवरून वीस क्विंटलचा भाव करतो काय? बरोबर भांडता. पण हाच माणूस घरी आल्यावर स्वतःच्या आयुष्यात हात घालतो, एक नापिकीचे वर्ष बाहेर काढतो, आणि सगळ्या जन्माला म्हणतो 'कवडी'. तिथे भांडायला कोणी नसते.

अल्बर्ट एलिस म्हणून एक मानसोपचारतज्ज्ञ अमेरिकेत होऊन गेले. १९५५ पासून त्यांनी विवेकाने विचार करायला लावणारी उपचारपद्धती बांधली. त्यांचे म्हणणे असे की माणसाच्या एखाद्या कामाला चांगले-वाईट म्हणा, पण सबंध माणसाला एक भाव लावता येत नाही. इतकी नाना तऱ्हेची गोष्ट एका आकड्यात मावत नाही. एलिस यांचा विचार आपल्या महाराष्ट्रात मराठीतून शिकवला जातो. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींची मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते आहे, तिथे या विचारावर बराच भर आहे. ऑक्सफर्डच्या मेलनी फेनेल या बाईंनी १९९७ साली खास न्यूनगंडाची उकल केली. त्या म्हणतात, माणसाने स्वतःच्या खात्याखाली एक शेवटची ओळ लिहून ठेवलेली असते, 'मी कमी आहे'. आणि मग आयुष्यभर फक्त त्या ओळीला जुळणाऱ्या नोंदीच खात्यात चढतात. पोरगी बारावी पास झाली, ती नोंद चढत नाही. हप्ता थकला, ती ताबडतोब चढते. असा खोटा हिशेब सावकाराने लिहिला असता तर आपण वही फाडली असती.

तर उपचार म्हणजे ही वही दोघांनी मिळून तपासायची. एक तुम्ही, आणि एक शिकलेला तिऱ्हाईत, ज्याला तुमच्या भाऊबंदकीशी देणेघेणे नाही आणि जो तुमचे बोलणे गावात सांगणार नाही. झटके देणे नाही, कोंडून ठेवणे नाही. तासभर बसून बोलायचे आणि घरी जाऊन काही करून पाहायचे.

आमचा माणूस आधी ज्याच्याकडे गेला तो उपचार नव्हता, उपदेश होता. सकारात्मक विचार करा, व्यसन सोडा, देवाचे नाव घ्या. हा तर सुपारीही खात नाही. परत आला तो आणखी खचून. हे सांगतो आहोत कारण असे होते. बियाणे उगवले नाही म्हणून आपण शेती सोडत नाही, दुबार पेरतो. दुसऱ्या वेळी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाई भेटल्या, आणि तिथे जमले. दर मंगळवारी एसटीने जायचा. आठ बैठका झाल्या.

पहिल्या आठवड्यात बाईंनी एक वही दिली. म्हणाल्या, रोज रात्री दिवसभरात काय केले ते लिहून आणा. हा आठ दिवस एकच लिहून गेला, 'काही नाही'. बाईंनी विचारले, "बैलांना पाणी कोणी दाखवले?" "मीच." "मग लिहा." "डवरणी कोणी केली?" "मीच." "लिहा." "म्हाताऱ्या आईला दवाखान्यात कोणी नेले?" तो म्हणाला, "त्यात काय, ते तर करावेच लागते." बाई म्हणाल्या, "शेजाऱ्याने आईला नेले असते तर तुम्ही काय म्हटले असते?" म्हणाला, "चांगला पोरगा आहे म्हटलो असतो." असे करत करत वही भरायला लागली. बाईंनी त्याची स्तुती केली नाही, हे लक्षात घ्या. तू फार मोठा आहेस, तू वाघ आहेस, असले काही नाही. ते खोटे वाटते आणि दोन दिवसांत उतरते. फक्त जे झाले ते खात्यात चढवायला लावले.

पुढे वहीत तीन रकाने आले. काय घडले, मनात काय आले, आणि त्याला पुरावा काय. त्याने एक आम्हाला वाचून दाखवला. सोयऱ्यांच्या लग्नात साळ्याने पुढच्या पंगतीला बोलावले नाही. मनात आले, मी कर्जबाजारी म्हणून टाळले. पुरावा लिहायला बसला तर एकच सापडला, बोलावले नाही. उलट बाजूला निघाले की साळा वरातीच्या भांडणात अडकला होता, पंगतीत कोणालाच तो बोलावत नव्हता, आणि रात्री अकरा वाजता त्यानेच फोन करून 'जेवला की नाही' विचारले होते. तो फोन याच्या लक्षातच राहिला नव्हता.

आणि मग बँक. बाईंनी विचारले, चप्पल घालून आत गेलात, खुर्चीवर बसलात, तर काय होईल? म्हणाला, हाकलून देतील. म्हणाल्या, आधी कागदावर लिहा 'हाकलतील', मग जाऊन पाहा, आणि परत आल्यावर खाली लिहा काय झाले. गेला. पाय थरथरत होते म्हणतो. चप्पल घालून आत, खुर्चीवर बसला, एका दमात विचारले, "माझ्या पीककर्जाच्या नूतनीकरणाचे काय झाले?" बाबू म्हणाला, "सातबारा जोडलेला नाही, बुधवारी घेऊन या." बस. एवढेच झाले. कर्ज त्या दिवशी काही मिळाले नाही. पण तीन महिने कागद कुठे अडला होता ते पहिल्यांदा कळले. तीन महिने हा दारातून हात जोडून परत येत होता, विचारलेच नव्हते.

आता कोणी म्हणेल, एका माणसाचे झाले, त्यावरून काय? शेतकी शास्त्रात एका वाफ्याच्या पिकावरून शिफारस करत नाहीत, हे आम्हालाही शिकवले आहे. म्हणून मोठे प्रयोग सांगतो. गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर प्रयोग झाला. सगळे तीव्र नैराश्याचे. न्यूनगंड आणि नैराश्य एक नव्हे, पण दोन्ही बहुतेक एकाच गाडीतून येतात. बोलून उपचार करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक साधी माणसे होती. सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी पाहिले तर नुसत्या दवाखान्याच्या उपचाराने १०० पैकी ३९ जण त्यातून बाहेर आले होते आणि या बैठकांची जोड दिली तिथे ६४. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या नियतकालिकात छापून आला आहे. आपल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला, त्याचे निकाल २०१७ मध्ये आले. आधी नैराश्य असलेल्या १०० माणसांपैकी चारच मदत घ्यायला जात होती, कार्यक्रमानंतर २७ जायला लागली. गावातल्याच माणसांनी घरोघर जाऊन बोलल्यामुळे हे झाले. झिंबाब्वेत, तिथेही कापूस पिकतो, डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसवले. तिकडच्या भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. अर्थ आहे 'अति विचार'. आपल्याकडची म्हातारी माणसेही तेच म्हणतात, लई इचार करू नको.

मागच्या रांगेतून एक जुने कार्यकर्ते दुपारीच आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "हे थांबवा. उद्या सरकार म्हणेल, शेतकऱ्याला भाव कशाला, समुपदेशन द्या." त्यांची भीती खरी आहे. सरकारला ते स्वस्तही पडेल. भावाच्या ऐवजी समुपदेशन घेऊन जो येईल त्याला गावाबाहेरूनच परत पाठवा, यात आमचे दुमत नाही. पण दादा, एक सांगा. ज्याला वाटते मीच कवडी आहे, तो भाव मागायला रस्त्यावर येईल काय? आमचा वाघ दीड वर्ष घरात बसला होता. त्याचे कर्ज आजही फिटलेले नाही, उपचाराने कर्ज फिटत नाही. पण बैठका संपल्यानंतरच्या हंगामात तो तालुका बैठकीत उभा राहिला आणि स्वतःच्या वावराचा हिशेब वाचला. एकरी साडेतीन क्विंटल, खर्च एवढा, हाती आले एवढे, तोटा एवढा. दुसऱ्याचा हिशेब त्याने शंभरदा सांगितला होता. स्वतःचा पहिल्यांदा सांगितला, आणि मान खाली गेली नाही.

मायबहिणींबद्दल बोलायला हवे. बाईला विचारा काय करता, तर म्हणते, "काही नाही, घरीच असते." सकाळी चारला उठते, सात तास निंदण करते, वेचणीत बोटे सोलवटून घेते, आणि 'काही नाही'. हीच ती वहीतली ओळ. १९८६ साली चांदवडला लाखांनी बाया जमल्या आणि बोलल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीत हजारो नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. कागदावर नाव लागले. मनातल्या वहीत किती जणींच्या लागले, ते आम्ही कधी विचारले नाही. आणि ज्या घरातला कर्ता माणूस गेला त्या घरातली बाई तर 'माझ्याच पायगुणाने गेला' हे ऐकत ऐकत ते खरे मानायला लागते. अशा बहिणीकडे फक्त मदतीच्या कागदावर सही घ्यायला जाऊ नका. पुन्हा पुन्हा जा, आणि आपल्या कार्यकर्तीला बरोबर न्या.

आता जरा नेटाने ऐका. नुसती लाज वाटणे आणि त्यापुढचे दुखणे यात फरक आहे. पंधरा दिवस झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, जगून काय करू असे शब्द तोंडात येतात, किंवा माणूस उगाच देणीघेणी मिटवायला लागतो, तिथे बैठका पुरणार नाहीत. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरकडे न्या. औषधे लागतात, ती घ्यायला लाजू नका, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. त्याला सरळ विचारा, जिवाचे बरेवाईट करायचे मनात येते का. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे, उलट माणूस मोकळा होतो. फवारणीच्या औषधांबद्दल आम्ही शेतकीवाले म्हणून सांगतो. डबा खाटेखाली, माळ्यावर ठेवू नका. पेटीत, कुलपात ठेवा आणि किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. उरलेले औषध पुढच्या हंगामासाठी साठवू नका. ती वेळ पुष्कळदा थोड्याच अवधीची असते. तेवढ्यात हाताला डबा लागला नाही तर माणूस वाचतो.

पोलिसांच्या भीतीने लोक दवाखान्यात नेत नाहीत किंवा खोटे सांगतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे आहे, आणि त्याला उपचार देणे सरकारवर बंधनकारक आहे. त्याच कायद्याने सरकारी मानसोपचार हा तुमचा हक्क आहे. डॉक्टर जागेवर नसतील तर जसे कापूस केंद्रावर विचारता तसे विचारा. चप्पल घालून विचारा. आणि रात्री दोन वाजता दवाखाना नसतो, तेव्हा १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावा. २०२२ च्या ऑक्टोबरपासून तो सुरू आहे, पैसे लागत नाहीत, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येते.

कार्यकर्त्यांनी एक काम करायचे आहे. तुमच्या गावातला जो माणूस गेल्या हंगामापासून बैठकीला आला नाही, त्याचे नाव आज आम्हाला देऊ नका. उद्या त्याच्या घरी जा. 'का आला नाहीस' म्हणू नका. पऱ्हाटी पाहायला वावरात चला म्हणा, बांधावर बसा, त्याला बोलू द्या. आमच्यासारखे लगेच उत्पादन खर्च सांगायला लागू नका.

उत्पादन खर्चाचे तक्ते दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. मागच्या कोऱ्या बाजूला १४४१६ छापून घेतले आहे. जाताना प्रत्येकाने दोन घ्या, एक आपल्यासाठी आणि एक त्या न आलेल्यासाठी.